विजयदुर्ग ते आंबोली, सायकलवरून

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने सायकल चालवायची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्राला लागून जाणारा सपाट रस्ता येतो. नकाशाही तसंच सुचवतो. उत्तरेला विजयदुर्ग, दक्षिणेला रेडी आणि मध्ये सुमारे १२० किलोमीटरची किनारपट्टी. रोजचे साठ किलोमीटर धरले तर दोन दिवसांत किनारा संपेल, असा हिशेब मांडून मुंबई-पुण्याकडचे पुष्कळ सायकलस्वार इथे येतात आणि दुसऱ्या दुपारी आचऱ्याच्या किंवा म्हापणच्या तिठ्यावर थकून बसलेले दिसतात. त्यांच्या पायांत जोर असतो, सायकलीही चांगल्या असतात. चुकलेला असतो तो हिशेब.

इथला किनारा म्हणजे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी जागोजागी कापलेला जांभ्याचा सडा. वाघोटन, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल अशा खाड्या एकामागून एक येतात. गावं खाडीच्या काठाला, माडांच्या सावलीत वसलेली. दोन गावांच्या मध्ये उघडा कातळ. त्यामुळे रस्ता आधी पुलावर उतरतो, वाडीतून जातो, मग एखाद-दोन किलोमीटरची खडी घाटी चढून सड्यावर येतो आणि लगेच पुढच्या खाडीकडे कोसळतो. सडा समुद्रापासून पन्नास ते शंभर मीटर उंच. एकेक घाटी किरकोळ वाटते, पण दिवसभरात अशा दहा-बारा लागल्या की ऐंशी किलोमीटरच्या ‘किनाऱ्याच्या’ दिवसात हजार मीटरच्या आसपास चढ सहज जमतो. म्हणून बेत आखताना किलोमीटर दुय्यम ठेवा. आज किती खाड्या ओलांडायच्या आहेत ते आधी मोजा, आणि सामान लादलेल्या सायकलवर दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे जाऊ नका.

हे इतकं आग्रहाने सांगण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे आता अनेकांना युरोपातल्या लांब सायकलमार्गांची ओढ लागली आहे आणि ती रास्त आहे. तिकडे युरोव्हेलो नावाचं देशोदेशी पसरलेलं मार्गांचं जाळं आहे. त्यातला सहा क्रमांकाचा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियातल्या काळ्या समुद्रापर्यंत जातो. त्याचाच पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सव्वातीनशे किलोमीटरचा तुकडा इतका सपाट आहे की आजी-आजोबा नातवंडांना घेऊन तो पार करतात. डोंगर हवा असेल तर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून आल्प्स ओलांडून इटलीच्या ग्रादो बंदरापर्यंत उतरणारा आल्पे आद्रिया हा सुमारे ४१० किलोमीटरचा मार्ग आहे. त्याचा इटलीतला काही भाग जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जातो. पण तिकडे जाऊन शिकण्यासारखं जे आहे, चढाचा हिशेब, सामानाची काटकसर, उताराची शिस्त, ते सगळं इथे घराजवळ शिकता येतं. डोंगरातून समुद्राला भिडणारी वाट आपल्याकडेही आहे.

आधी हंगाम. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. मार्चपासून घाम वाळत नाही, कारण हवेतच ओल असते. एप्रिल-मेमध्ये त्यात आंब्याच्या गाड्या आणि पर्यटकांच्या गाड्यांची भर पडते. पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि साकव पाण्याखाली जातात. तेव्हा लांबचा प्रवास नकोच. ऑक्टोबरमध्ये खड्डे बुजवायचे राहिलेले असतात आणि ऊन चटके देतं. चांगल्या हंगामातही नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. मालवण-तारकर्लीचे अरुंद रस्ते गाड्यांनी भरतात, खोल्यांचे दर चढतात. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची आणि त्याच सुमारास मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा असते. आंगणेवाडीची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. ती पाहिल्याशिवाय तिकिटं काढू नका. एरवी हाच काळ गावोगावच्या जत्रांचा आणि दशावताराचा. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर देवळात रात्री नाटक आहे असं कळलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा निघायची सोय ठेवून जरूर बसा.

मग दिशा. उत्तरेकडून दक्षिणेकडे या. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो, पण अकरा-बारानंतर खारा वारा जोर धरतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे निघालेल्याला तो पाठीवर किंवा उजव्या कुशीवर मिळतो. रेडीहून वर यायला निघालेला माणूस मात्र दुपारभर उघड्या सड्यावर त्याच वाऱ्याशी झुंजतो. देवगडच्या सड्यावर आडोशाला झाडही नसतं. तिथे हा फरक फार जाणवतो.

सायकल रेल्वेने आणायची असेल तर ती पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवावी लागते. पेडल काढा, हँडल आडवं फिरवा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा आणि नाव व उतरण्याचं स्टेशन लिहिलेलं लेबल दोन ठिकाणी लावा. छोट्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात सामानाचा डबा उघडून सायकल उतरेलच याची खात्री नसते. दादरहून येणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडी रोडला संपते, त्यामुळे तिथे घाई होत नाही. वैभववाडी किंवा कणकवलीला उतरायचं असेल तर सायकल सुटी करून पिशवीत घालून सोबत आणणं अधिक भरवशाचं. मात्र पिशवी लोकांच्या वाटेत येता कामा नये.

आता वाट. वैभववाडी रोडला उतरून तळेऱ्यावरून पडेल कॅन्टीनमार्गे विजयदुर्ग गाठायचं, हे साधारण पासष्ट किलोमीटर. तळेऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ६६ आडवा येतो. या महामार्गावर सायकलीने लांब पल्ला मारायचा मोह होतो, कारण तो रुंद आणि काँक्रीटचा आहे. तो मोह आवरा. गाड्या सुसाट असतात, सावली नसते आणि खरं सिंधुदुर्ग त्या रस्त्यावरून दिसत नाही. तो फक्त ओलांडायचा.

विजयदुर्गाहून दुसऱ्या दिवशी देवगड आणि पुढे कुणकेश्वर. देवगडचा किल्ला आणि दीपगृह पाहून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलाने खाडी ओलांडली की मोठा वळसा वाचतो. हा दिवस किलोमीटरने लहान आणि चढाने मोठा आहे. पाणी विजयदुर्गालाच पुरेपूर भरून घ्या. हापूसच्या बागा दोन्ही बाजूंना दिसतात, पण त्या गडग्यांच्या आत. रस्त्यावर उन्हापासून सुटका नाही. सकाळी साडेसहाला निघून अकराच्या आत देवगड गाठलंत तर उरलेला दिवस सुखाचा जाईल.

कुणकेश्वर ते मालवण या टप्प्यात मिठबाव, हिंदळे, मुणगे, आचरा अशी गावं लागतात. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळाजवळ विसावा घ्या. तोंडवळी-तळाशीलला जाणारा फाटा वाटेत लागतो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशी ती वाळूची चिंचोळी पट्टी पाहण्यासारखी आहे, पण टोकाला रस्ता संपतो आणि आल्या वाटेने परतावं लागतं. कोळंबच्या पुलावरून मालवणात शिरताना संध्याकाळी बाजाराची गर्दी असते. शक्य तर चारच्या आधी पोहोचा.

मालवणात एक दिवस पाय मोकळे ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग किल्ला होडीने जाऊन पाहायला अर्धा दिवस हवाच. सायकलीला हात लावायचाच असेल तर तारकर्ली-देवबागचा रस्ता सपाट आहे. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि समोर भोगवे दिसतं. होडीवाले कधी सायकल पलीकडे नेतात, पण ते भरती-ओहोटी, वारा आणि त्यांची मर्जी यांवर आहे. जमलं तर उत्तम. सगळा बेत त्यावर बांधू नका.

मालवण ते वेंगुर्ला हा या प्रवासातला मला सर्वांत आवडणारा दिवस. सरळ जायचं तर सागरी महामार्गाने कर्लीचा पूल ओलांडून परुळ्याला निघता येतं. पण मी म्हणेन, थोडं आत शिरा. चौक्यावरून धामापूरला जा. तिथलं तळं १५३० साली विजयनगरच्या काळात नागेश देसाई या मांडलिकाने बांधलं. मातीचा बांध, काठावर भगवतीचं देऊळ आणि सभोवार गर्द झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. जवळजवळ पाचशे वर्षं एक बांध पाणी धरून उभा आहे आणि खालची भातशेती अजून त्यावर भिजते, हे पाहायला दहा-बारा किलोमीटरचा वळसा मुळीच जास्त नाही. तिथून नेरूरपारच्या पुलाने कर्ली ओलांडा, वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि तळं पाहा आणि परुळ्याकडे या. ही सगळी वाट सावलीची. परुळ्याच्या पुढे म्हापण, केळूस, दाभोली करत वेंगुर्ला. निवती, खवणे, भोगवे या किनाऱ्यांचे फाटे उजवीकडे सुटतात. प्रत्येक फाट्याला खाली उतरायला दहा मिनिटं लागतात आणि परत वर यायला अर्धा तास, म्हणून एकच निवडा. माझी निवड निवतीची आहे.

वेंगुर्ल्याहून मोचेमाडची घाटी चढून आरवली आणि शिरोडा. शिरोड्यात १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिकवत होते. पुढे रेडी. तिथून तेरेखोलला जाऊन फेरीबोटीने गोव्यातल्या केरीला उतरता येतं, पण आपल्याला डोंगर गाठायचा आहे, म्हणून मागे वळून आजगाव, मळेवाडमार्गे सावंतवाडीला या. रेडीच्या परिसरात खनिजाचे आणि इतरत्र चिऱ्यांचे डंपर असतात. मागून डंपरचा आवाज आला की कडेला थांबून त्याला पुढे जाऊ द्या. लाल धुळीत पुढचं काही दिसत नाही आणि साइडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खाली असते.

शेवटचा दिवस आंबोलीचा. सावंतवाडी ते आंबोली तीस किलोमीटर, त्यातला दाणोलीपर्यंतचा अर्धा रस्ता हळूहळू उंचावतो आणि खरा घाट दाणोलीनंतर सुरू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे उरलेल्या पंधराएक किलोमीटरमध्ये सहाशे मीटर चढायचं. ऐकायला भीती वाटते, पण हा घाट दमवतो, मोडत नाही. वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीपर्यंत नेण्यासाठी इंग्रजांनी हा रस्ता बांधला. भरलेली बैलगाडी वर जायला हवी म्हणून चढ संथ, सारखा ठेवला. आज त्याचा फायदा सायकलस्वाराला मिळतो. सर्वांत हलका गिअर लावा, बोलता येईल इतक्याच वेगाने पेडल मारा आणि वळणावर आतल्या बाजूने न जाता रुंद घ्या. आतली कड नेहमीच जास्त खडी असते. घाई करणाराच इथे सायकल ढकलत जातो.

तुलना करायची तर इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड २७५७ मीटरवर आहे आणि प्रातो गावाच्या बाजूने चोवीस किलोमीटरमध्ये अठराशे मीटर चढावं लागतं. आंबोलीचा घाट तीनदा चढलात तर तेवढी उंची भरते. आल्प्सची तयारी करणाऱ्यांनी हिवाळ्यात एका दिवसात आंबोली दोनदा चढून पाहावी. पाय किती, श्वास किती आणि खाणं किती लागतं, याचा खरा अंदाज त्यातून येईल. विरळ हवा आणि थंडी सोडली तर तिथलं फारसं काही अनोळखी राहणार नाही.

बाकीच्या घाटांबद्दल थोडक्यात. फोंडाघाटात ट्रक फार, म्हणून सायकलीला तो सुखाचा नाही. गगनबावड्याला चढणारा करूळ घाट सुंदर आहे, पण २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी तो बराच काळ बंद होता. असं कुठल्याही घाटाचं होऊ शकतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. शेजारचा भुईबावडा घाट अरुंद आणि शांत आहे. तिलारी घाट मात्र सामान लादलेल्या सायकलने उतरू नका आणि चढूही नका. त्याचे उतार इतके तीव्र आहेत की ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. दोडामार्ग तालुक्यात रानटी हत्तींचाही वावर आहे.

घाट उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं असतं. आंबोलीहून निघण्याआधी ब्रेक पॅड पाहा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवले की रिम किंवा डिस्क तापते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात दाबा, वळणात सोडा. दर चार-पाच किलोमीटरला थांबून चाक थंड होऊ द्या. सकाळी धुकं असेल तर ते उठेपर्यंत चहा घेत थांबा. धुक्यात एसटीला तुम्ही दिसत नाही आणि पहाटे-संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात.

याच कारणाने रात्री सायकल चालवू नका. ठरावीक वेळेत लांब अंतर कापण्याच्या ब्रेव्हेची सवय असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि पुढेमागे नव्वद तासांची बाराशे किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस खुणावत असते. त्या वेडाबद्दल मला आदर आहे. पण त्यासाठी दुसरे रस्ते आहेत. इथे अंधार पडला की सड्यावर गुरं बसलेली असतात, वाड्यांत कुत्री मागे लागतात आणि मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

सायकल कोणती, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. महागडी नको, हलक्या गिअरची हवी. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट आणि पुढे लहान चेनरिंग असेल तर घाट्या निभावतात. टायर निदान ३२ मिलिमीटरचे घ्या. बारीक टायर जांभ्याच्या खडीत आणि वाळूत फसतात. दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, चेन जोडायचं हत्यार आणि एक गिअर केबल सोबत असू द्या. कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडी इथे सायकलची दुकानं आहेत, पण ती साध्या सायकलींची. तुमच्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह असेल तर बोंडासारखा दिसणारा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, नाहीतर तिथला पंप उपयोगाचा नाही.

खाण्याबाबत हा मुलूख उदार आहे. सकाळी निघताना मिळाली तर उकड्या तांदळाची पेज घ्या, मीठ आणि लोणच्यासोबत. पाणी, मीठ आणि पोटभर दम, तिन्ही एका वाडग्यात मिळतात आणि बाजारातल्या क्षारांच्या पुडीपेक्षा पेज पोटात शांत बसते. घरगुती मुक्कामी आदल्या रात्री सांगून ठेवलं तर काकी हौसेने करून देतात. नंतर घावणे किंवा आंबोळी-उसळ. दुपारी शहाळं आणि कोकम सरबत, खिशात खाजा आणि केळी. माशांचं ताट संध्याकाळसाठी राखा. भर दुपारी सुरमई आणि वडे जेवून घाटी चढवत नाही. एक ते चार गावातली दुकानं बंद असतात. त्या वेळी पाण्याच्या शोधात फिरण्यापेक्षा देवळाच्या ओसरीवर पडून राहणं शहाणपणाचं.

वाट विचारायला लाजू नका. “काकानु, फुडे घाटी आसा काय?” एवढं मालवणी आलं तरी माणसं थांबून सांगतात. उत्तरात अंतर मिळालं तर त्यावर विसंबू नका, पण चढ-उताराबद्दल आणि कुठला पूल चालू आहे याबद्दल गावच्या माणसाचं ऐका. सागरी महामार्गाचं आणि खाडीपुलांचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्यामुळे मोबाइलवरच्या नकाशापेक्षा त्यांची माहिती ताजी असते. अपघात झाला तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, कणकवली आणि सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत.

आंबोलीहून पुढे आजऱ्यावरून कोल्हापूर किंवा सरळ बेळगाव गाठता येतं. पण सायकल रेल्वेने परत न्यायची असेल तर सावंतवाडीला उतरून या आणि गाडीच्या निदान तीन तास आधी स्टेशनवर पोहोचा. त्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी बादलीभर गोडं पाणी मागून सायकल नीट धुवा. आठवडाभराची खारी हवा आणि लाल धूळ चेनच्या कड्यांत, स्पोकच्या मुळाशी आणि बोल्टच्या आट्यांत बसलेली असते. पुसून, वाळवून, चेनला तेल देऊन मगच सायकल बांधा. तशीच बंद पिशवीत ठेवली तर घरी पोहोचेपर्यंत गंज धरायला लागलेला असतो.